टाके घालेपर्यंतचा अर्धा तास

सिझेरियनची शस्त्रक्रिया साधारण पाऊण तासाची. बाळ बाहेर काढण्याचं काम पहिल्या पाच-दहा मिनिटांतच उरकतं. उरलेला वेळ वार काढण्यात, गर्भाशय शिवण्यात आणि पोटाचे एकेक थर शिवत वर येण्यात जातो. या सगळ्या वेळात बाई टक्क जागी असते. कमरेतून दिलेल्या इंजेक्शनने छातीखालचं अंग बधिर झालेलं असतं, पण डोकं, छाती आणि हात तिचे तिच्या ताब्यात असतात. तिला काही काम नसतं. वरच्या दिव्याकडे आणि समोरच्या हिरव्या पडद्याकडे बघत ती पडून असते, आणि रडण्याचा आवाज आपल्याच बाळाचा का, याचा कानोसा घेत असते.

तोवर बाळ बरंच फिरून आलेलं असतं. नाळ कापली की बालरोगतज्ज्ञाच्या हातात, तिथून कोपऱ्यातल्या वॉर्मरवर, म्हणजे बाळाला उब देणाऱ्या यंत्रावर. ते पुसलं जातं, तपासलं जातं, वजन होतं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं जातं. मग सिस्टर ते आईच्या तोंडापाशी आणते, ‘बघा, मुलगी झाली’ म्हणते, गालाला गाल लावते आणि लगेच वळते. दाराबाहेर आजी, आत्या, काका मोबाइल सरसावून उभेच असतात. फोटो निघतात, नाक कुणाचं नि कपाळ कुणाचं यावर मतं पडतात, दवाखान्यातल्या मावशींच्या हातात एखादी नोट सरकते, कुणी पेढे आणायला पळतं. सगळ्या गोतावळ्याचं बघून, घेऊन होतं. जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिने मात्र अजून त्याला धड हातही लावलेला नसतो. तिची पाळी येते ती टेबलावरून खोलीत हलवल्यावर, कधी तासाने, कधी तीन तासांनी. बाळ ‘काचेत’ ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी.

माझं म्हणणं सरळ आहे. आई शुद्धीवर असेल, तिची तब्येत स्थिर असेल आणि बाळ जन्मल्यावर रडलं असेल, श्वास नीट घेत असेल, तर टाके घालेपर्यंतचा अर्धा तास त्या दोघांचा आहे. पुसून कोरडं केलेलं उघडं बाळ आईच्या उघड्या छातीवर, वरून गरम कोरडं कापड, डोक्याला टोपडं. ओळखीचे डॉक्टर आहेत म्हणून नव्हे, नातेवाइकांनी गयावया केली म्हणून नव्हे आणि जादा पैसे भरले म्हणून तर नव्हेच. नेहमीची रीत म्हणून. आज हे होत नाही याला वैद्यकीय कारणं थोडी आहेत, सवयीची फार.

हा काही मूठभर बायकांचा प्रश्न नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली होती, गोव्यात ३९.५ टक्के. देशभरात खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं, सरकारी दवाखान्यांत १४.३. म्हणजे महाराष्ट्रात चारांतली एक बाळंतीण टेबलावरून आई होते, आणि देशभरात खासगीत जाणाऱ्यांत तर जवळजवळ दोघींत एक. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा याच्या शेजारी ठेवून वाचावा. आधीच्या, २०१५-१६च्या फेरीपासून देशातली दवाखान्यातली बाळंतपणं ७८.९ टक्क्यांवरून ८८.६ टक्क्यांवर गेली. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर प्यायलेल्या बाळांचं प्रमाण ४१.६ वरून ४१.८. जागचं हललंच नाही म्हणायचं. महाराष्ट्रात तर ते ५७.५ वरून ५३.२ पर्यंत घसरलं. बाया दवाखान्यात आल्या, डॉक्टर-सिस्टर हाताशी आल्या, आणि बाळाला चीक मिळायला उशीर होऊ लागला. याला एकटं सिझेरियन जबाबदार नसेल, पण त्याचा वाटा आहे हे प्रसूतिकक्षात काम करणारं कुणीही सांगेल.

छातीवर ठेवलं की नक्की काय होतं? नवजात बाळ दुबळं, अजाण, दुसऱ्याने तोंडात घालावं तेव्हा पिणारं, असं आपण धरून चालतो. स्वीडनमधल्या आन-मारी विडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीवर ठेवलेल्या बाळांचं बारकाईने निरीक्षण करून एक क्रम मांडला. आधी रडणं, मग शांत पडून राहणं, मग हळूहळू डोळे उघडणं, हात-तोंडाची हालचाल, मध्येच विसावा, पायाने रेटत पुढे सरकणं, बोंडाशी चाटाचाट, मग पिणं आणि शेवटी झोप. हे सगळं साधारण पहिल्या तास-दोन तासांत, कुणी हात न लावता. आपल्याकडे हे ठाऊक नाही असंही नाही. २००७मध्ये मुंबईत डॉ. प्रशांत गांगल आणि स्तनपानाच्या चळवळीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिसेफच्या मदतीने ‘ब्रेस्ट क्रॉल’ची, म्हणजे बाळाने असं आपणहून स्तनापर्यंत सरकत जाण्याची, माहिती पुस्तिका आणि चित्रफीत काढून जगभर पोचवली. जे मुंबईने जगाला दाखवलं, ते मुंबई-पुण्याच्या शस्त्रक्रियागृहांत अजून पाहुण्यासारखं येतं.

फायद्यांबद्दल आता वाद उरलेला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय समूहाच्या २०१६च्या आढाव्यात ४६ चाचण्यांतल्या ३,८५० मायलेकरांची माहिती एकत्र तपासली होती. छातीवर ठेवलेली बाळं पुढे अंगावर पिण्याचं प्रमाण जास्त, त्यांची रक्तातली साखर चांगली, हृदय आणि श्वास जास्त स्थिर. सिझेरियनवर झालेल्या चाचण्या यात संख्येने कमी आहेत, हे मान्य केलं पाहिजे. पण त्यांचा कौल उलट्या दिशेचा नाही. आणि नीट विचार केला तर सिझेरियनच्या बाळालाच याची गरज अधिक. एक तर आईला टाक्यांमुळे कुशीवर वळणं, बाळ उचलणं पहिले दोन दिवस जड जातं, पान्हा उशिरा फुटतो, आणि ‘दूध येत नाही’ हे वाक्य एकदा खोलीत उच्चारलं गेलं की संध्याकाळपर्यंत पावडरीचा डबा दाखल होतो. तो डबा मग सहजी घराबाहेर जात नाही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. कमी वजनाच्या बाळांसाठी हीच उब औषध म्हणून आपण केव्हाच स्वीकारली आहे. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून छोटी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ती कांगारू पद्धत आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत रुळून बरीच वर्षं झाली. २०२१मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष आले. आपल्याकडून दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय तीत होतं. १ किलो ते १.७९९ किलो वजनाची बाळं आधी स्थिर होऊ देऊन मग आईकडे द्यायची, की जन्मल्याबरोबर द्यायची, हा प्रश्न होता. लगेच दिलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू १२ टक्के, नेहमीच्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. दुसऱ्या गटाला वंचित ठेवणं योग्य ठरलं नसतं. त्यासाठी सफदरजंगमध्ये नवजात अतिदक्षता कक्षातच आयांच्या खाटा मांडल्या गेल्या.

दीड किलोच्या जिवासाठी आईची छाती वॉर्मरपेक्षा बरी, आणि ठरलेल्या तारखेला झालेल्या सिझेरियनच्या तीन किलोच्या धडधाकट बाळाला मात्र वॉर्मर हवा, या तर्कातून मला तरी वाट सापडत नाही.

आता डॉक्टरांची बाजू. ती टाळून पुढे गेलं तर हा लेख नुसती हळहळ होईल. पहिला मुद्दा गारठ्याचा. शस्त्रक्रियागृहात एसी विशीच्या आसपास लावलेला असतो, कारण गाऊन-मास्क-टोपी घालून दिव्याखाली उभ्या असलेल्या सर्जनला घाम फुटतो. ओलं बाळ अशा खोलीत झपाट्याने गार पडतं. खरं आहे. पण जन्माची खोली २५ अंशांच्या खाली नसावी हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं जुनं आहे, आणि बाळ छातीवर ठेवा अगर न ठेवा, ते लागू आहेच. बाळ निघायच्या आधी एसी वाढवायला बटणाखेरीज काही लागत नाही. बाळ पटकन कोरडं केलं, ओलं कापड टाकून दुसरं गरम कापड घातलं, तर आईची कातडी त्याला गुंडाळलेल्या दुपट्याहून चांगली उब देते. दुपट्याला स्वतःची उब नसते.

दुसरा मुद्दा जागेचा. छातीवर ईसीजीच्या चकत्या, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, एका दंडाला रक्तदाबाचा पट्टा, दुसऱ्या हातात सलाइन, दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर पसरलेले, कधी पट्ट्याने बांधलेले. बाळ ठेवायचं कुठे? इथे भूलतज्ज्ञाने पाच मिनिटं आधी विचार केला की काम होतं. चकत्या खांद्यावर, पाठीकडे लावता येतात. चिमटा पायाच्या बोटाला चालतो. सलाइन डाव्या हातात घेतलं तर उजवा हात बाळाला धरायला मोकळा राहतो. गाऊन उलटा, पुढून उघडणारा घालायचा. बाळ उभं न ठेवता छातीवर आडवं ठेवलं तर ते पडद्याच्या अलीकडेच राहतं, निर्जंतुक भागाला स्पर्शही होत नाही. हे सगळं लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातल्या निकोलस फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००८मध्येच सविस्तर लिहून ठेवलं आहे. त्यांनी तर पडदाही खाली केला, आईला बाळ बाहेर येताना बघू दिलं. तो भाग आपल्याकडे नको वाटला तर राहू द्या. छातीवर ठेवण्यासाठी पडदा काढावा लागत नाही.

तिसरा मुद्दा मात्र खरा गंभीर आहे, आणि उत्साही मंडळी तोच घाईने उरकतात. कमरेतल्या भुलेने रक्तदाब उतरतो, मळमळतं, काहींना हुडहुडी भरते, काही गुंगीत जातात. अशा आईच्या छातीवर बाळ ठेवून सगळ्यांनी पाठ फिरवली तर बाळाची मान वाकून, नाक दबून श्वास अडकू शकतो. वरवर निरोगी बाळ पहिल्या तासांत अचानक निळं पडल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत. म्हणून बाळाचं तोंड दिसतंय ना, मान सरळ आहे ना, रंग गुलाबी आहे ना, हे पूर्ण वेळ बघणारं एक माणूस हवंच. आईला ओकारी आली, रक्तस्राव वाढला, ती नको म्हणाली, तर बाळ क्षणात उचलायचं. ‘नको’ म्हणण्याचा हक्क तिला आहेच, आणि तिने तो वापरला तर कुणी भुवई उंचावायचं कारण नाही.

म्हणजे गाडी अडते ती एका माणसापाशी. आणि इथे आपली व्यवस्था कशी आहे ते बघावं लागतं. महाराष्ट्रातली असंख्य सिझेरियन्स दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये होतात. स्त्रीरोगतज्ज्ञ मालक, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर येणारा, बालरोगतज्ज्ञही तसाच. भूलतज्ज्ञाला इथून दुसऱ्या दवाखान्यात पोचायचं असतं. बालरोगतज्ज्ञ बाळ तपासून, दुपट्यात गुंडाळून, कागदावर सही करून निघतो. बाळ तपासून ‘ठीक आहे’ म्हणून सोपवणं हेच त्याचं काम ठरलेलं आहे आणि छातीवर ठेवलेलं बाळ म्हणजे काम लांबणं. थिएटरमधली सिस्टर एक तर सर्जनला हत्यारं देत असते, नाहीतर गॉज मोजत असते. उरतात मावशी. मग बाळ बाहेर पाठवणं हा सगळ्यांच्याच सोयीचा मार्ग ठरतो, नातेवाईकही खूश. सरकारी रुग्णालयात चित्र वेगळं, पण फळ तेच. एका पाठोपाठ एक केस, टेबल रिकामं करायची घाई, आणि एका सिस्टरच्या गळ्यात चार जणींचं काम.

या माणसाची सोय करणं अशक्य नाही. प्रत्येक सिझेरियनला बाळासाठी एक प्रशिक्षित सिस्टर, आणि टाके संपेपर्यंत तिला दुसरं काम नाही, इतकंच. खासगी दवाखान्यात सिझेरियनचं बिल किती होतं हे वाचकांना सांगायला नको. त्यात तासाभराच्या एका सिस्टरचा पगार बसत नाही असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. सरकारी रुग्णालयात तर हा भरतीचा प्रश्न आहे आणि रिकाम्या जागांचं खापर आईच्या माथी फोडता येत नाही.

बाहेरच्या गर्दीबद्दलही बोललं पाहिजे, कारण दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. ‘बाळ दाखवा ना’ म्हणून दार ठोठावणारे आपणच. आत जास्त वेळ लागला की ‘काही लपवताय का’ म्हणून आवाज चढवणारेही आपणच. बाळ बदललं जाईल ही भीती अजून गेलेली नाही, आणि काय झालं, मुलगा की मुलगी, हे कळल्याशिवाय बाहेरच्यांचा जीव थाऱ्यावर येत नाही. कित्येक डॉक्टर या दबावापोटी बाळ आधी बाहेर पाठवतात. आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीला नवरा, सासू, आई यांना समोर बसवून ‘तासभर बाळ आईपाशी राहील, तोवर कुणी दार वाजवायचं नाही’ एवढं सांगितलं तर निम्मा गोंधळ संपेल. घरचे ऐकतात. त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

आणि आईला पूर्ण भूल दिली असेल किंवा तिची प्रकृती बिघडली असेल तर? मग बाप आहे. सिझेरियननंतर बापाच्या उघड्या छातीवर ठेवलेली बाळं पाळण्यातल्यांपेक्षा कमी रडतात आणि लवकर शांत होतात, हे स्वीडनमध्ये २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसलं आहे. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बाप पुष्कळदा दुसऱ्या गावी आणि वाटेवर असतो. तर आजी आहे, मावशी आहे. कांगारू पद्धतीत घरचं कुणीही निरोगी माणूस चालतं. शर्टाची बटणं काढून बाळ छातीशी धरायला आपल्याकडचे पुरुष आधी लाजतात, मग सोडायला तयार होत नाहीत.

एक आक्षेप चळवळीतल्या मैत्रिणींकडून येतो. सिझेरियन इतकी वाढलीत, ती कमी करायची सोडून तुम्ही ती गोड कशी करायची ते सांगताय. या आक्षेपात तथ्य आहे. सिझेरियनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर लोकसंख्येच्या पातळीवर आई-बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलं आहे. खासगीतल्या ४७ टक्क्यांचं समर्थन कोण करणार? पण टेबलावर आज पडलेल्या बाईला त्या वादाचा काय उपयोग? तिचं सिझेरियन गरजेचं होतं की डॉक्टरच्या सोयीचं, याचा निकाल लागेपर्यंत तिचं बाळ कॉरिडॉरमध्ये ठेवायचं का?

मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. शहरांतल्या चकचकीत रुग्णालयांनी याचं पॅकेज करायला घेतलं आहे. मंद दिवे, आवडीचं संगीत, छायाचित्रकार आणि त्याच यादीत ‘स्किन टू स्किन’. एकदा ते चैनीच्या रांगेत बसलं की जिल्हा रुग्णालयातल्या बाईला ते कुणी देणार नाही आणि तीही मागणार नाही. दिवे मंद असोत की भगभगीत, बाळाला त्याने फरक पडत नाही.

याच पॅकेजसोबत येते ती अपराधाची भावना. ‘गोल्डन अवर’, म्हणजे जन्मानंतरचा पहिला तास, हुकला म्हणजे बाळाशी नातं कायमचं कच्चं राहिलं, असं सुचवणारे मजकूर फोनवर फिरत असतात. सत्तरच्या दशकात मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांच्या नात्याबद्दल मोठे दावे केले. पुढे त्यांतले बरेच टिकले नाहीत. बाळ दोन दिवस अतिदक्षता विभागात होतं म्हणून त्याच्यावर कमी माया करणारी आई मी पाहिलेली नाही. दत्तक घेतलेल्या लेकरांचं काय मग? हुकला तर दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशीही उघडं बाळ छातीशी घ्या, दूध त्यानेही वाढतं. पहिल्या तासाची किंमत आहे ती दुधासाठी, उबेसाठी, स्थिर श्वासासाठी, आणि त्या बाईच्या त्या वेळच्या आनंदासाठीही. एवढं कारण मला पुरेसं वाटतं. त्यावर आयुष्यभराच्या नात्याचं ओझं टाकायची गरज नाही.

कागदावर सगळं आहेच. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८मध्ये सुधारलेल्या यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्यांतली चौथी पायरी जन्मल्याबरोबर, मध्ये खंड न पाडता, कातडीला कातडी लावून ठेवण्याची आहे. सिझेरियनच्या आईला तीतून वगळलेलं नाही. केंद्र सरकारचा स्तनपानाचा ‘मा’ कार्यक्रम २०१६चा, आणि २०१७चा ‘लक्ष्य’ तर प्रसूतिकक्षासोबत प्रसूतीच्या शस्त्रक्रियागृहाच्या दर्जासाठीच काढलेला. आणखी एका परिपत्रकाने काही होईल असं मला वाटत नाही. केसपेपरवर एक ओळ वाढवली तर कदाचित होईल. आपल्याकडे जन्मवेळ मिनिटासकट लिहिली जाते, पत्रिका मांडायला लागते म्हणून सिस्टर ती न चुकता टिपते. तिच्याच खाली आणखी दोन वेळा लिहायच्या. बाळ आईच्या छातीवर कधी ठेवलं आणि कधी उचललं. तासाच्या आत उचललं किंवा ठेवलंच नाही, तर कारण, आणि त्यापुढे डॉक्टरांची सही. रक्तदाब उतरला, बाळाला श्वासाचा त्रास, आई नको म्हणाली, ही सगळी रास्त कारणं आहेत, ती लिहायला कुणाला संकोच वाटणार नाही. ‘पुढची केस होती’ हे लिहायला वाटेल. तरीही कुणी लिहिलंच, तर निदान किती जणी कशामुळे वंचित राहिल्या ते वर्षअखेरीला मोजता तरी येईल.